कचऱ्याचे चार ढीग : वस्तीतल्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाविषयी

आरोग्याच्या पानावर कचऱ्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण पावसाळ्यात सरकारी दवाखान्याच्या ओपीडीसमोर जी रांग लागते, ती नीट पाहिली की उत्तर मिळते. त्या रांगेतले कितीतरी आजार वस्तीतल्या कचऱ्याच्या ढिगापासून सुरू झालेले असतात. गोळ्या-औषधे दवाखान्यात मिळतात, पण आजाराचे मूळ आपल्या गल्लीच्या टोकाला पडून असते.

अनेक वस्त्यांतून आता तरुण मुले-मुली, बचत गटातल्या महिला, विहाराच्या कमिटीचे कार्यकर्ते "आम्हाला कचऱ्याचे प्रशिक्षण द्या" म्हणून विचारतात. हे प्रशिक्षण आम्ही कसे घेतो, त्यात काय शिकवतो आणि कोणत्या गोष्टीवर ठाम राहतो, ते या लेखात मांडत आहोत. वाचून कोणत्याही वस्तीला आपले प्रशिक्षण स्वतः उभे करता यावे, हा हेतू आहे.

कचरा आणि आजार यांचे नाते

प्रशिक्षणाची सुरुवात आम्ही आजारांपासून करतो. कारण "स्वच्छता राखा" हे वाक्य ऐकून ऐकून लोकांचे कान किटले आहेत. कोणत्या वस्तूमुळे कोणता आजार होतो हे कळले, की माणूस स्वतःहून हात हलवतो.

डेंग्यूचा डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नारळाची करवंटी, फुटका माठ, पत्र्यावर टाकलेला जुना टायर, प्लॅस्टिकचा कप, उघडी बादली, एवढे त्याला पुरते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्याची अंडी पाणी आटल्यावरही महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवायची आणि करवंट्या-टायर हलवायचे. आठवड्याचाच हिशेब का, हे या ७ ते १० दिवसांवरून कळते.

उष्टे-खरकटे उघड्यावर पडले की उंदीर-घुशी येतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. पायाला जखम असलेला माणूस त्या पाण्यातून चालला की जंतू शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटार तुंबते, पाणी घरात शिरते, पिण्याच्या पाण्याच्या नळाला कुठे चीर असेल तर ते घाण पाणी त्यात ओढले जाते. मग जुलाब, टायफॉइड, कावीळ.

आणि धूर. संध्याकाळी ढीग पेटवून दिला म्हणजे कचरा संपला असे वाटते. प्रत्यक्षात तो हवेतून आपल्याच छातीत जातो. प्लॅस्टिक जळताना बारीक कण आणि विषारी वायू निघतात. काही प्रकारच्या प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी रसायने निघतात, जी शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात. दमेकरी, क्षयरोगी, गरोदर बाई आणि लहान मूल यांना हा धूर सगळ्यात जास्त बाधतो. मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा शहरभर धूर पसरला आणि सगळ्यांना देवनार आठवले. पण गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्या त्याआधीही त्याच हवेत श्वास घेत होत्या आणि नंतरही घेत राहिल्या. शहराने फेकलेल्या कचऱ्याचा धूर कोणाच्या वाट्याला येतो, हे यावरून समजते.

स्वयंसेवक कोण, आणि कोण नाही

वस्तीत पहिली बैठक घेतली की एखादे आजोबा उठून विचारतात, "बाबासाहेबांनी जी कामं सोडायला लावली, तीच तुम्ही पुन्हा आमच्या पोरांच्या हातात देता काय?" हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. तो अगदी रास्त आहे. दुसऱ्याची घाण उचलण्याचे काम पिढ्यानपिढ्या कोणावर लादले गेले, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आजही महापालिकांच्या सफाई खात्यांत आणि कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य माणसे दलित समाजातलीच आहेत.

म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही दोन ओळी फळ्यावर लिहितो. पहिली : प्रत्येक घर आपला कचरा आपल्या हाताने वेगळा करील. दुसरी : दुसऱ्याचा कचरा जो हाताळतो तो कामगार आहे, आणि त्याला पगार, हातमोजे, बूट, विमा आणि सन्मान मिळालाच पाहिजे.

स्वयंसेवकाचे काम आहे शिकवणे, दाखवणे, नोंद ठेवणे आणि पालिकेकडे पाठपुरावा करणे. झाडू मारणे, गटार उपसणे, दारोदारचा कचरा गोळा करणे हे त्याचे काम नाही. ही रेघ पुसली गेली की काय होते ते मुंबईने पाहिले आहे. वस्त्यांच्या सफाईसाठी राबणाऱ्या माणसांना कागदोपत्री "स्वयंसेवक" म्हटले गेले आणि पगाराऐवजी तुटपुंजे मानधन देण्यात आले. कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात लढावे लागले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर कितीतरी जणांचे उमेदीचे दिवस निघून गेले होते. तेव्हा कोणी अधिकारी किंवा संस्था "तुमच्याकडे स्वयंसेवक आहेत ना, मग गल्ली तेच झाडतील" असे म्हणाली, तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा.

एका स्वयंसेवकाकडे २० ते २५ घरांपेक्षा जास्त घरे देऊ नयेत. शक्यतो प्रत्येक गल्लीत एक बाई आणि एक पुरुष असावा. कचरा म्हणजे बायकांचे काम, ही समजूत प्रशिक्षणात शिरता कामा नये. एकट्या मुलींना घेऊन गट केला तर घरातले पुरुष आयुष्यभर डबा भरलेला पाहूनही शेजारून निघून जातील.

पहिली बैठक : आपल्या घरचा कचरा तोला

प्रशिक्षण चार बैठकांचे असावे, आठवड्याला एक. जागा विहार, समाजमंदिर किंवा अंगणवाडी. वेळ कामावरून परतल्यानंतरची.

पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाने तीन दिवस आपल्या घरचा कचरा चार ठिकाणी साठवायचा आणि रोज तोलायचा. भाजीवाल्याकडचा ताणकाटा दोन दिवस मागून आणला तरी चालतो. चार ढीग असे :

१. ओला : भाजीची देठे, साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, हार-फुले.

२. सुका : कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा, कपडा, चप्पल, थर्माकोल.

३. अंगाचा कचरा : सॅनिटरी पॅड, डायपर, जखमेचे बँडेज, कापूस.

४. धोक्याचा : सुया, ब्लेड, मुदत संपलेली औषधे, सेल, ट्यूबलाइट आणि बल्ब, किडे मारायच्या औषधाचे डबे, फुटलेला थर्मामीटर.

तीन दिवसांनी सगळे आपापले आकडे घेऊन बसतात आणि फळ्यावर मांडतात. जवळपास प्रत्येक वेळी एकच गोष्ट पुढे येते : वजनाने निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो, आणि चौथा ढीग मूठभर असतो. म्हणजे ओला तेवढा वेगळा केला तरी अर्धे काम झाले. आणि सगळ्यात धोक्याची वस्तू सगळ्यात कमी असते, तिला सांभाळायला एक डबा पुरतो. ही गोष्ट भाषणातून सांगण्यापेक्षा स्वतःच्या घरच्या आकड्यांतून कळली की पक्की बसते.

रुग्णालयात नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आम्हाला कचऱ्याची शिस्त लावली जाते. पिवळी पिशवी रक्ता-पुवाने भिजलेल्या वस्तूंसाठी, लाल पिशवी सलाइनच्या नळ्यांसारख्या प्लॅस्टिकसाठी, पांढरा टणक डबा सुयांसाठी, निळा काचेसाठी. त्यामागचा नियम एकच : वस्तू जिथे वापरली तिथेच ती वेगळी पडली पाहिजे. एकदा मिसळलेला कचरा पुन्हा वेगळा करणे म्हणजे कोणाचा तरी हात त्यात घालणे. घरालाही हाच नियम लागू आहे.

दुसरी बैठक : हात वाचवा

ही बैठक आम्ही सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो. आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी मावश्या कचरा वेचतात किंवा सफाईच्या गाडीवर आहेत. त्यांच्या हातांकडे पाहिले तर बोटांवर काचेच्या, पत्र्याच्या जखमांचे वण दिसतात. आपण फेकलेले ब्लेड आणि सुई शेवटी कोणत्या ना कोणत्या आईच्या बोटात जाते.

*सुई आणि ब्लेड.* मधुमेहाचे रुग्ण आता घरोघरी आहेत आणि इन्सुलिन घरीच टोचले जाते. सुई पुन्हा टोपणात घालण्याच्या फंदात पडू नये, त्यातच बोटाला लागते. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली घ्यावी, उदाहरणार्थ फिनाइलची किंवा तेलाची रिकामी बाटली. सुई वापरली की थेट तिच्यात. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी, वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहावे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून तिथे जमा करावी. वस्तीतल्या खासगी दवाखान्याने आपल्या सुया-बँडेज वस्तीच्या कचराकुंडीत टाकणे हा गुन्हा आहे. असे दिसले तर फोटो काढून पालिकेच्या आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करावी.

*फुटलेली काच.* जाड कागदात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून, दोरीने बांधून, वर "काच" लिहून वेगळी हातात द्यावी.

*पॅड आणि डायपर.* शौचालयात टाकू नयेत. सार्वजनिक शौचालय तुंबते आणि ते उपसायला पुन्हा एखादा माणूसच उतरवला जातो. वापरलेला पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढावा आणि वेगळा द्यावा. पुण्यातल्या कचरावेचक महिलांच्या "स्वच्छ" संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली. ठिपका पाहून बाईला कळते की हे पुडके उघडायचे नाही. ज्यांना कापडी पॅड जमतो त्यांनी तो जरूर वापरावा, पण तो साबणाने धुऊन उन्हात, उघड्यावर वाळवला पाहिजे. लाजेपोटी गादीखाली किंवा कपड्यांच्या आत दमट ठेवलेल्या कापडाने खाज आणि जंतुसंसर्ग होतो. ज्या घरात वाळवायला ऊनच येत नाही, तिथे कोणावर कापडी पॅडची सक्ती करू नये.

*फुटलेला थर्मामीटर.* जुन्या थर्मामीटरमधल्या पाऱ्याला हात लावू नये, झाडूने लोटू नये. मुलांना बाहेर काढावे, खिडकी-दार उघडावे, हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवावी. पोस्टकार्डासारख्या जाड कागदावर पाऱ्याचे गोळे घेऊन, थोडे पाणी घातलेल्या बाटलीत टाकून झाकण लावावे. ही बाटली चौथ्या ढिगात जाते.

*आणि तरीही सुई टोचली तर?* हे स्वयंसेवकाला तोंडपाठ हवे. जखम दाबून रक्त काढू नये. बोट तोंडात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे. त्याच दिवशी, शक्य तर दोन तासांच्या आत, सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. शासकीय एआरटी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. हेपेटायटिस बी साठी लस आहे. तिचे तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराने ही लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. "एवढीशी टोचली, काय होतंय" म्हणून घरी परतणारी मावशी आपल्याला दिसली, तर तिच्याबरोबर रुग्णालयात जाणे हे स्वयंसेवकाचे काम आहे.

तिसरी बैठक : ओल्या कचऱ्याचे खत

दहा बाय दहाच्या खोलीत खताची बादली कुठे ठेवायची, असा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. म्हणून घरोघरी कुंडीचा आग्रह आम्ही धरत नाही. पाच-सहा घरांमिळून दोन मोठे ड्रम घ्यावेत. एक भरत असताना दुसरा पिकत असतो.

ड्रमला चहूबाजूंनी आणि तळाला भोके पाडावीत आणि आतून बारीक जाळी लावावी, म्हणजे उंदीर शिरत नाही. ड्रम विटांवर उचलून ठेवावा. झाकण हवेच. तळाला चार बोटे जाडीचा पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा पसरावा. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक थरावर तेवढाच कोरडा थर द्यावा : पाने, लाकडाचा भुसा, फाडलेला कागद. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक शिंपडले तर कुजणे लवकर सुरू होते. दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करावे, कारण खत करणाऱ्या जंतूंना हवा लागते.

ओलावा बरोबर आहे का, हे हातानेच कळते. मूठभर माल घेऊन दाबा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर कोरडे कमी पडले. अजिबात ओल लागली नाही तर थोडे पाणी शिंपडा. दुर्गंधी येऊ लागली की समजावे, हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे. भुसा घालून खालवर केले की दोन दिवसांत वास जातो. बारीक अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या कुजवण्याचेच काम करतात. मटण-मासळीची हाडे-काटे आणि तेलकट रस्सा मात्र यात टाकू नये, त्यानेच उंदीर-मांजरे येतात. ते पालिकेच्या ओल्या डब्यात द्यावे. ड्रमखाली पाणी साठू देऊ नये, नाहीतर एका आजाराला हाकलताना दुसऱ्याला आवतण दिल्यासारखे होईल.

ड्रम भरल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत मातीच्या वासाचे काळसर, भुसभुशीत खत तयार होते. ते चाळून पत्र्याच्या डब्यातल्या मिरची, कढीपत्ता, पालकाला घालावे. रक्तक्षय असलेल्या घरात डब्यातला पालक-शेपू ही छोटी गोष्ट नाही.

ड्रमला जागा मिळत नसेल तर निराश होऊ नये. ओला कचरा चाळणीत निथळून, वेगळा करून गाडीत दिला तरी मोठा फरक पडतो. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने "परिसर विकास" कार्यक्रमातून कचरावेचक महिलांना खत करण्याचे आणि बायोगॅस संयंत्र चालवण्याचे प्रशिक्षण दिले. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले "निसर्गऋण" संयंत्र या महिलांनी चालवून दाखवले. पण अशा संयंत्रालाही ओला कचरा स्वच्छ, वेगळाच लागतो. त्यात प्लॅस्टिक गेले की संयंत्र अडते.

चौथी बैठक : मावशी शिकवणार

सुक्या कचऱ्याची खरी जाणकार कोण? जी वीस वर्षे तो निवडते आहे ती. म्हणून चौथ्या बैठकीत शिकवायला वस्तीतल्या कचरावेचक मावशीला बोलवावे. तिला त्या दिवसाचे मानधन द्यावे आणि खुर्ची पुढची द्यावी. तिचा एक दिवसाचा धंदा बुडतो, हे विसरू नये.

ती हाताने दाखवते : कोणती बाटली कडक प्लॅस्टिकमध्ये जाते, कोणती पिशवी घेतली जाते, दुधाची पिशवी धुऊन वाळवून दिली तर भाव येतो आणि आंबट वासाची दिली तर परत येते. पुठ्ठा भिजला की त्याची किंमत गेली. कुरकुरे-वेफरचे चकचकीत पाकीट आणि गुटख्याची पुडी सहसा कोणी घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे होत नाहीत. प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, २ म्हणजे डबे-कॅनचे, ५ म्हणजे जेवणाच्या डब्यांचे. या तिघांना बाजारात गिऱ्हाईक असते. शाळेत जाणारी मुले हे आकडे चटकन शिकतात आणि मग घरच्यांना शिकवतात.

यातच आम्ही पुण्याची गोष्ट सांगतो. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने पुण्यातल्या कचरावेचकांनी "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" ही संघटना उभी केली. सभासदांत मोठा भाग दलित महिलांचा. "आम्ही घाण नाही, आम्ही कामगार आहोत" हा त्यांचा दावा. त्यांनी पालिकेची ओळखपत्रे मिळवली, आरोग्य विमा मिळवला. पुढे याच महिलांच्या "स्वच्छ" सहकारी संस्थेशी २००८ मध्ये पुणे महापालिकेने करार केला आणि घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम त्यांना मिळाले. कुंडीत वाकून कचरा शोधणारी बाई दारात येऊन वेगळा केलेला कचरा हक्काने मागू लागली. हा बदल संघटनेमुळे झाला, कोणाच्या दयेमुळे नाही.

म्हणून आपला सुका कचरा विकून दोन पैसे मिळवायचे की मावशीला द्यायचा, हे प्रत्येक वस्तीने बसून ठरवावे. आमचा सल्ला असा : रद्दी-पत्रा घर विकतेच, ते विकू द्या. बाकीचे स्वच्छ सुके सामान वस्तीतल्या मावशीचे. आपल्या मोहिमेमुळे तिची चूल विझता कामा नये.

दारात कसे बोलावे

शिकलेले सगळे दारात उभे राहिल्यावर कामाला येते. स्वयंसेवकांना आम्ही जोडीजोडीने सराव करायला लावतो.

"ताई, गाडीवाला सगळं एकत्रच टाकतो, मग आम्ही वेगळं कशाला करायचं?" हा प्रश्न दर तिसऱ्या दारात येतो. उत्तर द्यावे, "काकू, तुमचं खरं आहे. गाडीत मिसळतात त्याची तक्रार आम्ही लेखी करतोय, तुम्हीही सही करा. पण तुम्ही सुई आणि काच वेगळी दिलीत तर गाडीवरच्या बाईचा हात आजपासूनच वाचतो." खोटे आश्वासन देऊ नये. भांडू नये. कोणाचा डबा उघडून शेजाऱ्यांसमोर दाखवू नये. लाजवून केलेली शिस्त आठवडाभरच टिकते.

"आमच्याकडे दोन डबे ठेवायला जागा नाही." तर डबा एकच, ओल्याचा. सुके एका गोणीत भिंतीवरच्या खिळ्याला. बस.

पहिले दोन आठवडे रोज जावे, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा. वहीत घरासमोर साधी खूण करावी : वेगळे केले, अर्धवट केले, नाही केले. महिनाअखेरीस गल्लीची बेरीज विहाराच्या फलकावर लावावी, घरांची नावे न लिहिता.

कचरा मुळातच कमी

खत आणि भंगार ही पुढची गोष्ट झाली. घरात येणारा कचराच कमी करता येतो. रेशन आणि बाजाराला कापडी पिशवी. शाम्पू-तेलाच्या एकेक रुपयाच्या पुड्यांऐवजी, जमेल तेव्हा, शेजारच्या दोन घरांत मिळून मोठी बाटली. हाताला रोजचे पैसे लागतात त्या घरात पुडीच परवडते, म्हणून त्यांना दोष देऊ नये. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. दंड बहुतेक वेळा हातगाडीवाल्याला होतो, बनवणाऱ्याला क्वचित. आपण पिशवी मागणे थांबवले तर हातगाडीवाल्याचाही दंड वाचतो.

सगळ्यात मोठी संधी १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाची. थर्माकोलच्या ताटल्या आणि पाण्याचे पाऊच दुसऱ्या दिवशी गटारात जातात, आणि ते काढायला आपलेच सफाई कामगार सुट्टी सोडून येतात. कमिटीने स्टीलच्या ताट-वाट्यांचा एक संच वर्गणीतून घेतला तर तो दहा वर्षे पुरतो, लग्ना-कार्यालाही लागतो. पाण्याचे ड्रम आणि स्टीलचे पेले ठेवावेत, ताटे धुण्याची पाळी पुरुषांनी घ्यावी. मंडपाच्या दोन टोकांना ओला-सुका डबा आणि प्रत्येक डब्याजवळ एक स्वयंसेवक उभा करावा. नव्या स्वयंसेवकांची परीक्षा याच दिवशी होते.

पालिकेकडे काय मागायचे

आपले घर आपण केले, आता पालिकेचे काम पालिकेने करावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिले गेले होते की घरोघरी जाऊन वेगळा कचरा गोळा करणे ही पालिकेची जबाबदारी आहे, आणि त्यात झोपडपट्ट्या व अनधिकृत वस्त्याही येतात. "तुमची वस्ती अधिकृत नाही, गाडी आत येणार नाही" हे उत्तर चालणार नाही. कामगारांना हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट देणे आणि कचरावेचकांच्या संघटनांना सामावून घेणे, हेही त्याच नियमांत आले होते. कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई आहे. ती मनाई रहिवाशांना जशी आहे तशी ढीग पेटवणाऱ्या कंत्राटदारालाही आहे.

मागणी नेहमी लेखी असावी. अर्जात गल्लीचे नाव, घरांची संख्या, गाडी कोणत्या तारखांना आली नाही याची यादी, आणि वहीतली बेरीज जोडावी. वॉर्ड ऑफिसात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहितीच्या अधिकारात विचारावे : आमच्या वस्तीसाठी किती कामगार आणि किती गाड्या मंजूर आहेत, त्यातल्या रोज किती येतात? बाजूच्या सोसायटीत गाडी रोज येते आणि आपल्याकडे आठवड्यातून दोनदा, हे ज्याच्या वहीत तारखांनिशी लिहिलेले आहे त्याला टाळणे अधिकाऱ्याला जड जाते.

स्वयंसेवकाच्या पिशवीत म्हणून तीन वस्तू असाव्यात : वही, पेन आणि मागच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत. झाडू त्यात नसेल. येत्या रविवारी विहारात बसून चार जणांची नावे ठरवा आणि सोमवारपासून आपल्या घरचा कचरा तोलायला घ्या. सुयांच्या बाटलीपासून सुरुवात केली तर त्याच दिवशी एक हात वाचेल.